फुले कोणी खुडली?

डेटा सायन्सच्या पदव्या आता तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचल्या आहेत. पण विदा येते कुठून, ती गोळा कोण करतो आणि ती चुकली तर भुर्दंड कोणाला पडतो, हे न शिकवणारी पदवी विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय देणार?

म्हैसूरच्या वायव्येला, बाह्यवळण रस्त्याच्या कडेने हेब्बाळ पसरले आहे. बेंगळूरुचे त्याच नावाचे उपनगर निराळे. हे हेब्बाळ म्हणजे एक तळे, त्याच्या आसपास वाढलेली औद्योगिक वसाहत आणि क्रमांकाने ओळखले जाणारे घरवसाहतींचे टप्पे. माझी धाकटी बहीण लग्नानंतर इथल्याच एका टप्प्यात राहायला आली. तिचे यजमान जवळच्या कारखान्यात होते. तिच्या गच्चीवरून गेली तीस वर्षे मी हेब्बाळ बदलताना पाहतो आहे. पूर्वी संध्याकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. आता त्याच वेळी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेली विशी-बाविशीतली मुले कॉफीच्या टपऱ्यांभोवती दिसतात. त्यांत नागपूर, लातूर, कोल्हापूरकडची मुलेही असतात. मराठी कानावर पडले की माझी पावले थबकतात.

ही मुले इथे येतात याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे भव्य प्रशिक्षण संकुल हेब्बाळमध्ये आहे. त्यातले पहिले शिक्षण केंद्र २००५ मध्ये सुरू झाले. २००९ मध्ये उंच खांबांची, ग्रीक मंदिराची आठवण करून देणारी दुसरी इमारत उभी राहिली. देशभरातील हजारो अभियांत्रिकी पदवीधर इथे काही महिने राहतात आणि पदवीच्या चार वर्षांत जे पक्के व्हायला हवे होते, त्यातले बरेचसे पुन्हा शिकतात. एका कंपनीच्या दूरदृष्टीचे हे संकुल प्रशस्तिपत्र आहेच. पण उभी हयात सरकारी फायलींत घालवलेल्या माझ्यासारख्याला तो आपल्या विद्यापीठांच्या फाइलवर मारलेला, दगडी बांधकामातला एक शेराही वाटतो.

गेल्या पावसाळ्यात मी हेब्बाळला गेलो तेव्हा पिशवीत एक मसुदा होता. पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाला डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. त्याच्या आखणीसाठी नेमलेल्या समितीत प्राचार्यांनी मला बाहेरचा सदस्य म्हणून घेतले. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी; संगणकाची आज्ञावली मला लिहिता येत नाही. ‘तुम्ही आयुष्यभर आकडे मागवले आहेत, म्हणून तुम्ही हवेत,’ असे प्राचार्य म्हणाले. या वाक्यातली खोच त्यांना अभिप्रेत नसावी. मला ती जाणवली.

मसुदा दिसायला देखणा होता. कृत्रिम बुद्धिमत्ता, मशीन लर्निंग, डीप लर्निंग, बिग डेटा, क्लाउड, विदेचे चित्रण, व्यवसाय विश्लेषण अशी नावे ओळीने मांडलेली. विभागप्रमुखांनी प्रामाणिकपणे सांगितले, की नोकरीच्या जाहिरातींत जे शब्द वारंवार येतात त्यांची यादी करून विषय ठरवले आहेत. संख्याशास्त्राला सहा सत्रांत मिळून दोन विषय होते आणि त्यांतला पहिला तिसऱ्या सत्रात. विदा गोळा कशी करावी, याला कुठेच जागा नव्हती.

पेन्सिलीच्या खुणा

माझी भाची म्हैसूरच्याच एका महाविद्यालयात याच विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणानंतर मी तिच्यापुढे मसुदा ठेवला. ती म्हणाली, ‘‘मामा, पेन्सिल चालेल ना?’’ आणि खुणा करायला बसली. दुसऱ्या दिवशी तिने वर्गातल्या तिघांना घरी बोलावले. बहिणीने केलेल्या उपम्यावर आणि कॉफीवर आमची जी बैठक झाली, ती मला आजवरच्या कित्येक अधिकृत बैठकींपेक्षा उपयोगी वाटली.

त्यांचे पहिले म्हणणे क्रमाविषयी होते. मशीन लर्निंगचा विषय दुसऱ्या सत्रात झाला, त्यामागचे रेषीय बीजगणित चौथ्यात आले. मधल्या काळात त्यांनी आज्ञावलीच्या तयार ओळी उतरवून घेतल्या, उत्तर आले, गुण मिळाले. ‘‘उत्तर का आले ते तेव्हा कळले नाही आणि नंतर विचारायचे राहून गेले,’’ असे एक मुलगा म्हणाला. तो चामराजनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला, घरातला पहिलाच महाविद्यालयात गेलेला. कन्नड माध्यमातून शिकलेल्या त्याला पहिले वर्ष गणितापेक्षा इंग्रजीने अधिक छळले. दुसरे म्हणणे प्रकल्पाविषयी. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प विकत मिळतात, दरही सर्वांना माहीत असतात. तिसरे शिक्षकांविषयी. दोन वर्षांत एका विषयाला चार शिक्षक झाले. ज्याला थोडेफार येत होते तो उद्योगात निघून गेला.

मग मी विचारले, तुम्ही आजवर कोणती विदा हाताळली? चौघांनीही पहिली दोन नावे एकच घेतली: टायटॅनिक बोटीवरील प्रवाशांची यादी आणि ‘आयरिस’. या दुसऱ्या नावापाशी मी थांबलो. आयरिस ही जगभरच्या विद्यार्थ्यांना पहिल्या धड्यात दिली जाणारी विदा आहे. तीन जातींची प्रत्येकी ५०, अशी एकूण १५० फुले. प्रत्येकाच्या पाकळीची व निदलाची लांबी-रुंदी. रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ती वापरली. मुलांना हे सारे पाठ होते. मी विचारले, ‘‘फुले कोणी खुडली?’’

कोणाला माहीत नव्हते. खरे तर मलाही आदल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हते. समितीच्या निमित्ताने वाचताना कळले. मोजमापे एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्यातल्या दोन जातींची फुले त्याने कॅनडातील गास्पे द्वीपकल्पावर स्वतः फिरून जमवली होती. आणि फिशरचा तो लेख ज्या नियतकालिकात आला, ते सुप्रजननशास्त्राचे होते. म्हणजे माणसांची ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ वंशांत वर्गवारी करू पाहणाऱ्या विचाराचे. १५० निष्पाप फुलांच्या मागे इतका इतिहास आहे. भाचीने मसुद्याच्या समासात पेन्सिलीने तो प्रश्न लिहून ठेवला.

दहा वजने

हा प्रश्न मला का सुचला, ते सांगायला हवे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मी मराठवाड्यातील एका जिल्ह्यात होतो. तेव्हाच्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत भरपाई ठरे ती पीक कापणी प्रयोगांवर. आजच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही हे प्रयोग मोलाचे आहेत. पद्धत साधी आणि सुंदर आहे. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून गावातले शेत निवडायचे. त्या शेतात पुन्हा यादृच्छिक पद्धतीने कोपरा ठरवून खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. त्या चौकटीतले, बहुतेक पिकांसाठी दहा मीटर बाय पाच मीटरमधले, पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. मंडळात असे दहा प्रयोग. त्यांच्या सरासरीवरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न ठरते, आणि ते उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी भरले तरच विम्याचे पैसे मिळतात.

त्या वर्षी रब्बीला पाऊस दगा देऊन गेला होता. एका मंडळातले शेतकरी भेटायला आले. ज्वारी हातची गेली असताना कागदावर उत्पन्न बरे कसे, असा त्यांचा सवाल होता. मी दहा प्रयोगांचे तक्ते मागवले. दहापैकी आठ वजने बरोबर अर्ध्या किलोच्या पटीत होती. एका शेतावर स्वतः गेलो. तक्त्यात कापलेली, मळलेली, तोललेली ज्वारी तिथे ताटासह उभी होती.

दोन प्रयोग रद्द करून पुन्हा घेतले. दोन्हींची वजने पहिल्यापेक्षा बरीच खाली आली. उरलेल्या शेतांत तोवर काढणी झाली होती, तिथे पुन्हा मोजायला काही उरलेच नव्हते. सरासरी उंबरठ्याच्या किंचित वरच राहिली. त्या मंडळाला त्या वर्षी विम्याचा रुपया मिळाला नाही. ज्याने तक्ते भरले त्याच्याकडे सहा गावे होती, त्याच पंधरवड्यात टंचाईचे आणि निवडणुकीच्या याद्यांचेही काम होते. मी त्याच्यावर कारवाई केली. ती नियमाला धरून होती. त्या तक्त्यांवर नजर न फिरवता सही करणाऱ्या साखळीत मीही होतो, ही गोष्ट मात्र कोणत्याच कारवाईत आली नाही.

भाचीने हे ऐकून जे सांगितले ते मला मोलाचे वाटते. ‘‘मामा, सगळ्या जिल्ह्याच्या वजनांचे शेवटचे अंक नुसते मांडले असते, तरी कुठे गडबड आहे ते एका संध्याकाळी दिसले असते.’’ तिचे बरोबर आहे. तिच्यासारखी मुलगी त्या वर्षी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात असती, तर काढणीपूर्वीच संशय आला असता. पण संशय आल्यावर ज्वारी उभी आहे की नाही, हे पाहायला शेतातच जावे लागते. मला हवी असलेली पदवी या दोन्ही गोष्टी करू शकणारा माणूस घडवणारी आहे.

जुनी परंपरा, नवे नाव

या शास्त्राची मुळे भारतात परकी नाहीत. पीक कापणीच्या चौकटीचा आकार किती असावा, यावरून १९४० च्या दशकात दोन थोर भारतीय संख्याशास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांच्या बाजूचे; तुकडे लहान असले तर थोड्या खर्चात पुष्कळ ठिकाणी मोजता येते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दाखवून दिले, की तुकडा लहान असला की मोजणाऱ्याचा हात काठावरची रोपे आत ओढतो आणि उत्पन्न फुगते. तुकडा मोठा झाला की काठाचा हा दोष विरत जातो. माणूस कसा वागतो, हे समीकरणात धरावे लागते, हा त्या वादाचा धडा. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आपल्या किती विद्यार्थ्यांना त्यांचे नाव माहीत आहे?

महालनोबिसांची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ ची. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले. संसदेने १९५९ मध्ये कायदा करून संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार दिल्यावर तिथे संख्याशास्त्राची स्वतंत्र पदवी सुरू झाली. पुणे विद्यापीठात वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५० च्या दशकात या विषयाचा विभाग उभारला. आज कर्नाटकात असलेल्या हडगलीत जन्मलेले सी. आर. राव वयाच्या १०२ व्या वर्षी, २०२३ मध्ये, संख्याशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले. ‘डेटा सायन्स’ या नावाचाही या परंपरेशी धागा आहे. मिशिगन विद्यापीठातील सी. एफ. जेफ वू यांनी १९९७ च्या व्याख्यानात संख्याशास्त्राला हे नाव द्यावे असे सुचवले आणि पुढल्याच वर्षी तो विचार महालनोबिस स्मृती व्याख्यानमालेत मांडला. अशा देशात संख्याशास्त्र तिसऱ्या सत्रावर ढकलणारा अभ्यासक्रम आखला जावा, ही विस्मृती आहे.

ओव्हरसिअर की इंजिनीअर?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक साम्य दिसते. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम कर्मचारी हवे होते म्हणून. मोजणी करणारा, नकाशा उतरवणारा, मजुरांवर देखरेख ठेवणारा माणूस सरकारला हवा होता. त्याच वर्गाचे पुढे सायन्स कॉलेज झाले, आणि बेंगळूरुहून आलेला एक विद्यार्थी १८८३ मध्ये तिथून अभियंता होऊन बाहेर पडला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या सेवेत त्यांनी खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि सिंचनाची गटपद्धत दिली. १९१२ ते १९१८ ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. त्याच काळात, १९१६ मध्ये, म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. गरज ओव्हरसिअरची होती. शिक्षणाचा पाया रुंद झाला म्हणून विश्वेश्वरय्या घडले.

आज डेटा सायन्सच्या बहुतेक पदव्या आपल्या १८५४ मध्ये आहेत. उद्योगाला या वर्षी जे अवजार चालवणारे हात हवेत, त्यांची भरती म्हणजे अभ्यासक्रम. अवजारे तीन-चार वर्षांत बदलतात. पहिल्या वर्षी शिकवलेले सॉफ्टवेअर पदवी हाती येईपर्यंत मागे पडलेले असते आणि आज्ञावली लिहिण्याचे प्राथमिक काम आता यंत्रेच करू लागली आहेत.

याची झळ हेब्बाळने पाहिली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या इथल्या संकुलातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत मूल्यमापनात उत्तीर्ण न झाल्याने बाहेर पडावे लागले. प्रत्येकाला तीन संधी दिल्या होत्या आणि ही अट करारातच होती, असे कंपनीने सांगितले. पुण्यातील एका कर्मचारी संघटनेने संख्या याहून मोठी असल्याचा आणि सक्ती झाल्याचा आरोप केला. प्रकरण केंद्र आणि राज्याच्या कामगार खात्यांपर्यंत गेले. त्यातला न्याय-अन्याय ठरवणे हे त्या खात्यांचे काम. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. ज्या विद्यापीठाने या मुलांना ‘उत्तीर्ण’ म्हटले, त्याला कोणीच काही विचारले नाही. पदवीचा कागद खोटा नसेल तर काही महिन्यांची परीक्षा एवढी अवघड का ठरावी? आणि परीक्षा अवाजवी असेल तर तसे ठामपणे सांगण्याइतका आपल्या पदवीवर विद्यापीठाचा विश्वास का नसावा?

तीन वर्षे की चार?

यात धोरणाच्या धरसोडीची भर पडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची पदवी आणि मध्ये बाहेर पडण्याच्या वाटा देणारे कर्नाटक हे पहिले राज्य, वर्ष २०२१-२२. सरकार बदलल्यावर अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा स्वतंत्र आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून कर्नाटक तीन वर्षांच्या पदवीकडे परतले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यातल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात पदवीचा अर्थ बदलतो. माझ्या भाचीच्या मागच्या-पुढच्या तुकड्यांचे आराखडे वेगवेगळे आहेत. चार वर्षांच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे सबळ युक्तिवाद आहेत. गरीब घरातल्या मुलाला चौथे वर्ष परवडत नाही, ही थोरात आयोगाची दिशा मला पटते. पण अभ्यासक्रम आखणाऱ्याने यातून एवढाच बोध घ्यावा: कणा पहिल्या तीन वर्षांतच पूर्ण झाला पाहिजे. चौथे वर्ष मिळाले तर संशोधनाचे.

नमुने समोर आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे २०१५ मध्ये डेटा सायन्सचा एक पायाभूत विषय सुरू झाला. तो कोणत्याही शाखेच्या, संख्याशास्त्र वा संगणक न शिकलेल्या विद्यार्थ्यालाही घेता येतो. इतिहासाचा विद्यार्थी तिथे मतदानाच्या नोंदी तपासू शकतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासने २०२० मध्ये ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि सत्राच्या परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात. तिचा पायाभूत टप्पा पाहावा: गणिताचे दोन, संख्याशास्त्राचे दोन, इंग्रजीचे दोन विषय, सोबत संगणकीय विचार आणि पायथन. मशीन लर्निंग त्यानंतर. प्रवेश सोपा, पाया कठोर, असा तो क्रम आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेनेही २०२४ पासून सांख्यिकीय विदाविज्ञानाची चार वर्षांची पदवी सुरू केली. नावातला ‘सांख्यिकीय’ हा शब्द त्यांनी सोडलेला नाही.

समितीपुढे ठेवलेले टिपण

हेब्बाळहून परतल्यावर मी समितीला चार पानांचे टिपण दिले. त्यातल्या बहुतेक कल्पना त्या चौघांच्या होत्या.

पहिल्या वर्षी गणित, संख्याशास्त्र आणि आज्ञावली हातात हात घालून चालावीत. अवजारांची यादी दुसऱ्या वर्षानंतर. दुसऱ्याच सत्रात चार श्रेयांकांचे क्षेत्रसर्वेक्षण सक्तीचे असावे. विद्यार्थ्यांनी प्रश्नावली बनवावी, नमुना निवडावा, दारोदार जावे, नकार ऐकावेत, रिकाम्या राहिलेल्या रकान्यांचे काय करायचे त्यावर भांडावे. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक जोडविषय घ्यावा: शेती, आरोग्य, सहकार, अर्थ किंवा इतिहास. साखर कारखान्याच्या वजनकाट्याची किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीची विदा ज्याला कळत नाही, त्याने तिच्यावर कितीही सुरेख आलेख काढला तरी तो फसवाच. तिसऱ्या वर्षीचा प्रकल्प स्थानिक कार्यालयाच्या खऱ्या प्रश्नावर असावा आणि त्याची तोंडी परीक्षा त्या कार्यालयातल्या माणसासमोर व्हावी. विकत घेतलेला प्रकल्प तिथे पाच मिनिटे टिकणार नाही. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा याच वर्षी शिकवावा. कोणाचा आजार, कोणाचे कर्ज, कोणाची जात आपल्या पडद्यावर आहे, याची जाणीव कायद्याच्या भाषेत होणे आवश्यक आहे.

भाषेसाठी एक मागणी होती. पहिल्या वर्षी प्रत्येक विषयाचा आठवड्यातला एक तास मराठीत शंकानिरसनाचा असावा. इंग्रजी टाळण्यासाठी हा तास नको आहे. ‘सरासरी’, ‘विचरण’, ‘नमुना’, ‘गृहीतक’ या शब्दांनी विचार करता आला की इंग्रजी शब्द त्यावर सहज बसतात.

या पदवीकडे देशाचेही काम आहे. २०२१ ची जनगणना लांबली. आता ती २०२७ ची म्हणून होणार आहे, आणि तोवर आपल्या साऱ्या सर्वेक्षणांचा पाया २०११ च्या यादीचा. २०१७-१८ चे कुटुंब उपभोग सर्वेक्षण विदेच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच झाले नाही. त्याच वादांच्या काळात, जानेवारी २०१९ मध्ये, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले होते. सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद पक्षीय बाकांवर सुटणारा नाही. तो सोडवण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत आकडे तपासू शकणारी, शिकलेली, कोणाच्या दबावाखाली नसलेली माणसे लागतात. खासगी कंपन्यांना अशी माणसे हवीत हे आपण रोज ऐकतो. त्यांची गरज शासनालाही आहे, हे शासनाने अजून कोणत्या जाहिरातीत छापलेले नाही.

समितीची बैठक साडेतीन तास चालली. प्राचार्यांची अडचण खोटी नव्हती. ‘‘साहेब, पालक प्रवेशाच्या खिडकीशी एकच विचारतात, एआय आहे का? नाही म्हटले तर ते शेजारच्या महाविद्यालयात जातात.’’ विनाअनुदानित तुकडी. साठ जागा भरल्या नाहीत तर पगार निघत नाहीत. अखेरीस माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर कृत्रिम बुद्धिमत्ता राहिली. आत संख्याशास्त्र पहिल्या सत्रात आले आणि क्षेत्रसर्वेक्षणाला चार श्रेयांक मिळाले. मराठीतल्या तासाचा प्रस्ताव ‘शक्य तेथे’ या शब्दांनी मंजूर झाला. या दोन शब्दांचा अर्थ मी चांगला जाणतो. संख्याशास्त्राच्या पूर्णवेळ शिक्षकाचे पद मिळाले नाही. तो विषय तासिका तत्त्वावर शिकवला जाईल, म्हणजे देशाच्या विदाविज्ञानाचा पाया तासाच्या दराने घातला जाईल. यावर मी लेखी असहमती नोंदवली आहे. पुढच्या बैठकीत तो विषय पुन्हा निघेल, याची काळजी मी घेईन.

पहिल्या तुकडीचे सर्वेक्षण तालुक्याच्या आठवडी बाजारात होणार आहे. कांदा, टोमॅटो आणि कोथिंबिरीचे भाव सकाळी, दुपारी आणि बाजार उठताना टिपायचे, मग बाजार समितीच्या नोंदीशी ताडून पाहायचे. प्रश्नावलीचा नमुना मी भाचीला पाठवला. तिने एकच दुरुस्ती सुचवली. शेवटी एक रकाना वाढवा, म्हणाली: नोंद घेणाऱ्याचे नाव, वेळ आणि तो तेव्हा कुठे उभा होता.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)